देवमनची जोडी

यंदा पाऊस आषाढ सरेपर्यंत रुसून बसला, आणि आला तो जायचं नाव घेईना. सावरखुट्याच्या निम्म्या शिवारात दुबार पेरणी झाली. पोळा आठ दिवसांवर आला तरी कपाशीची पऱ्हाटी जेमतेम गुडघ्याला लागत होती, आणि गवत तिच्या डोक्यावरून पाहत होतं. काळ्या चिखलात ट्रॅक्टर घालायची सोय नव्हती. ज्यांनी मागल्या चार-पाच सालांत बैल विकून त्यांच्या कोठ्यात मोटरसायकली उभ्या केल्या होत्या, ते एकेक करून सुंदराबाईच्या आंगणात येत होते.

"काकू, आमच्या वावरात कवा लावता डवरा?"

"नंबरानं येईन," सुंदराबाई म्हणायची. "बैल हायेत ते, मशीन नाई."

गावात जोड्या उरल्या होत्या पाच. त्यातल्या तीन म्हाताऱ्या, एक श्यामरावाची आणि एक हिची. तीन वर्षांमागं चांदूर बाजारातून तिनं दोन गोऱ्हे आणले होते. पांढरेशुभ्र, गवळाऊ जातीचे, एकाला झाकावा अन् दुसऱ्याला काढावा असे. हरण्या आणि चांद. तिनंच त्यांना जुवाखाली शिकवलं. सकाळी लुगड्याचा काचा मारून ती तण काढायच्या डवऱ्यामागं उभी राहिली की दुपारपर्यंत रुमण्याच्या मुठीवरचा हात निघत नसे. पन्नाशी उलटलेली बाई, अंगानं वाळलेली, तळहात मात्र डवऱ्याच्या लोखंडी पासेसारखे कडक. बैल तिच्या तोंडच्या चक्‌चक्‌ आवाजावर वळत. दुसऱ्या कोणी कासरा धरला तर मान झटकून उभे राहत.

नवरा देवमन घरी असायचा. गुडघे गेलेले. तो कडबा तोडायचा, ढेप भिजवायचा, बैलांच्या अंगावरच्या गोचिड्या काढायचा. बावीस वर्षं त्यानं भगवंतराव पाटलाकडं सालदारकी केली होती. बोलणं आधीपासूनच कमी. अलीकडं तर तो माणसांपेक्षा बैलांशीच जास्त बोलायचा.

त्या दिवशी दुपारी सुंदराबाई बैलांच्या पायांचा चिखल धूत होती. गल्लीच्या तोंडाशी चारचाकी थांबली. पुढं चिखल होता, म्हणून भगवंतराव उतरला आणि काठी टेकत, धोतराचा सोगा धरून चालत आला. मागं त्याचा पोरगा किशोर, बुटांना जपत. या खालच्या अंगाला, विहाराजवळच्या वस्तीत, भगवंतरावाला तिनं तीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

"सुंदराबाई," तो म्हणाला. एरवी ती त्याच्या तोंडी 'देवमनची बायको' होती.

देवमन कोठ्यातून लंगडत बाहेर आला आणि त्यानं हात जोडले. "या ना मालक. बसा. अवो, खुर्ची दे. चहा टाक."

तिनं प्लास्टिकची खुर्ची पुढं सरकवली. चहा टाकला नाही.

"आमचा लाल्या गेला लंपीनं," भगवंतराव बसत म्हणाला. "आयकलं असन तू."

"आयकलं."

"एका बैलानं पोळ्यात जाता येत नाई. मानाची जोडी आमच्या घरची, आजापंज्यापासून. बाहेरून आनतो म्हटलं तं गाव नाई म्हनते. गावातलीच पाह्यजे म्हनते, अन् कामाची पाह्यजे. एक साल खंड पडला का मान श्यामरावाकडं जाते. थो टपूनच बसला हाय." त्यानं हरण्याकडं पाहिलं. "अशी जोडी पंचक्रोशीत नाई. एक दिवस दे."

नाही म्हणायचं तिनं ठरवलंच होतं. शब्द जिभेवर आला होता. पण तो टाकण्याआधी एक गोष्ट विचारावी असं तिला वाटलं.

"नीलमचे बाबा नऊ सालापासून पोळ्यात येत नाईत. कावून ते मालूम हाय ना तुमाले?"

भगवंतरावानं देवमनच्या पायांकडं पाहिलं. "गुडघे गेले ना बिचाऱ्याचे," तो म्हणाला. "तवापासूनच ना रे, देवमन?"

देवमननं मान खाली घातली. "हौ, मालक."

सुंदराबाई भगवंतरावाच्या तोंडाकडं पाहत राहिली. तिथं लपवणं नव्हतं, शरम नव्हती, कावेबाजपणाही नव्हता. त्याच्या खरंच ध्यानात नव्हतं. बोर खाऊन बी थुंकावी आणि पुढं चालू लागावं, तसा तो ते विसरून गेला होता.

तिनं हातातला पाण्याचा गडू खाली ठेवला.

"जोडी भेटन," ती म्हणाली. "पन कासरा माह्या हाती राहीन."

"बाईमानूस? तोरनाखाली?" किशोर बोलला.

"दुसऱ्याच्या हाताले थे उभे राहत नाईत. पाहा धरून."

किशोर पुढं झाला नाही. भगवंतरावानं थोडा विचार केला. "राहू दे. सालदार धरतेच ना कासरा? तसंच समजू. जोडी आमच्या नावानं, कासरा इच्या हाती."

गाडी गेली. देवमन आंगणात तसाच उभा होता.

"काय हाय तुया मनात?"

"काई नाई."

"तू काई नाई म्हनते तवा भल्लं काई असते, सुंदरे."

ती बैलांना दावणीला घेऊन गेली.

नऊ सालांमागं देवमननं स्वतःची पहिली जोडी घेतली होती. सालदारकी सोडली, दोन एकर बटाईनं केलं आणि पोळ्याला पहिल्यांदा आपले बैल सजवले. सुंदराबाईनं जुन्या लुगड्याच्या झुली शिवल्या. खालच्या वस्तीच्या जोड्या रांगेच्या शेवटाला उभ्या राहायच्या, तसा तो उभा राहिला. गोऱ्हे कोवळे होते. कोणी पोट्ट्यांनी पायाशी फटाक्यांची लडी फोडली. गोऱ्हे उधळले, देवमनला फरफटत रांगेच्या पुढं गेले आणि मानाच्या जोडीच्या आधी तोरण तुटलं.

मारलं असतं तर सुंदराबाईनं एखाद्या दिवशी सोडून दिलं असतं. भगवंतरावानं मारलं नाही. त्यानं देवमनला मारुतीच्या पारासमोर नाक घासायला लावलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, गुडघ्यावर, हात मागं धरून. बावीस वर्षं ज्याच्या घरच्या गुरांची उस्तवार केली त्याच्यासमोर. नंतर तुटलेलं तोरण देवमनच्याच हातानं बांधून घेतलं, आणि भगवंतरावाची जोडी वाजतगाजत खालून गेली. बायका पदर तोंडावर घेऊन पाहत होत्या. सुंदराबाई त्यांच्यातच उभी होती. घरी आल्यावर देवमनच्या नाकाचं कातडं सोललेलं होतं आणि त्यात माती भरली होती. तिनं ती ओल्या फडक्यानं काढली. ठाण्यात जाऊ म्हणाली. तो म्हणाला, "गावात राह्याचं हाय आपल्याले." पुढच्या बाजारी त्यानं गोऱ्हे विकले.

तेव्हापासून ती पोळ्याच्या दिवशी दार लावून बसायची. आणि ढोल वाजला की मनातल्या मनात पाराची लांबी मोजायची. बारा पावलं होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी लेक नीलम आली. अमरावतीला दवाखान्यात नर्स होती. दोन दिवसांची सुट्टी काढली होती. माय बैलांना पाण्यावर घेऊन निघालेली पाहून तीही साडीचा ओचा खोचून मागं गेली. नाल्याला पाणी भरपूर होतं. दोघींनी बैल पोटाएवढ्या पाण्यात उभे केले आणि शेंगदाण्याच्या ढेपेनं घासले. चांदच्या खांद्यावर जुवाचा घट्टा पडला होता. सुंदराबाईनं तो अंगठ्यानं दाबून पाहिला. बैलानं कातडी थरथरवली.

"आई, हे मले पटत नाई," नीलम म्हणाली. "आपल्याले कायचं तोरन अन् कायचा मान? त्याइच्या देवाच्या पारापुढं आपली जोडी नेऊन उभी करते, अन् तेही त्या मानसाच्या नावानं?"

"बैलाचा सन हाय. बैल कोनत्या देवाचे असतात वो?"

"मंग घरी पुरनपोळी चारू. झालं."

"पोळी तं चारूच."

"मंग कायले चालली तू?"

सुंदराबाईनं चांदच्या शिंगावर पाणी ओतलं. "माह्यं काम हाय तठी."

नीलमनं मायचा चेहरा पाहिला आणि हात थांबवला. ती तेव्हा बारावीला होती. वडील नाक सोलून घरी आले तो दिवस तिनंही पाहिला होता. "तवाच तक्रार कराले पाह्यजे होती," ती हळू म्हणाली. "कायदा होता ना."

"कायद्यानं त्याले जेलात टाकलं असतं. त्याचं नाक कोरडंच राह्यलं असतं."

संध्याकाळी खांदमळण झाली. देवमननं पळसाची पानं आणली, तूप-हळद कोमट केली आणि पानानं ती बैलांच्या खांद्यांवर जिरवली. घट्ट्यावर जास्त वेळ. मग त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." नीलम बाजूला उभी होती. हसली आणि मग तिनंही पान उचललं.

दुसऱ्या दिवशी आभाळ उघडलं. देवमननं सकाळपासून बैल सजवले. शिंगांना हिंगूळ, वर बेगड, गळ्यात घुंगरमाळा, नवी वेसण, नवा कासरा. झुली भगवंतरावाकडून आल्या होत्या, मखमलीच्या, आरशांच्या. सुंदराबाईनं त्या घडीसकट परत पाठवल्या. खोलीतून तिनं दोन झुली काढल्या, लुगड्याच्या, ठिगळाठिगळाच्या. देवमननं त्या हातात घेतल्या आणि ओळखल्या.

"या ठेवल्या होत्या तू?"

"ठेवल्या होत्या."

"सुंदरे, जाऊ नको."

"शब्द देल्ला हाय."

"मंग मी नाई येत."

"तुमी नकाच येऊ," ती म्हणाली. "तुमचं काम नाई तठी."

नीलम तिच्यामागं निघाली.

पारासमोर सारं गाव जमलं होतं. दोन लाकडी बल्ल्यांना आंब्याच्या पानांचं तोरण ताणून बांधलेलं. पाच जोड्या रांगेत, आणि त्या पाच जोड्या पाहायला हजारभर माणसं. ढोल, डफडं, पोट्टे मोबाइल उंच धरून उभे. झडत्यांची गाणी सुरू होती. एकानं सरपंचाला चिमटा काढला, दुसऱ्यानं पीकविम्याला, आणि दर झडतीच्या शेवटी 'हर हर महादेव'चा गजर उठत होता. सुंदराबाई जोडी घेऊन आली तशी रांगेतून कुजबुज पळत गेली. बाईच्या हाती कासरा. झुली ठिगळाच्या. पण बैल असे होते की पाहणाऱ्याची नजर झुलीवर टिकत नव्हती. ती सरळ पुढं गेली आणि तोरणापासून चार पावलांवर तिनं जोडी उभी केली.

भगवंतराव फेटा बांधून पुढं आला. त्यानं बैलांना कुंकू लावलं, पायांवर पाणी घातलं, आरती ओवाळली, पोळीचा घास चारला. मग वळून हात वर केला. ढोल चढला. झडती म्हणणाऱ्यानं आरोळी दिली, "भगवंतराव पाटलाची मानाची जोडी!"

सुंदराबाई हलली नाही.

"हाल ना वो," किशोर ओरडला.

तिनं कासरा मनगटाला दोन वेढे घेऊन बांधला. "भगवंतराव," ती म्हणाली. ढोलाच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही. ढोलवाल्याकडं पाहून तिनं हात केला. तो थांबला. डफडंही थांबलं.

"भगवंतराव," ती पुन्हा म्हणाली. "नऊ सालामांगं अठी काय झालं ते सांगा गावाले. मंग कासरा उचलते."

"काय झालं?" भगवंतरावानं चारही बाजूंना पाहिलं. "काय बोलून राह्यली हे?"

"आठोत नाई ना तुमाले. मालूम होतं मले. ज्याइले आठोते त्याइनं सांगा."

पाराच्या पायऱ्यांवर म्हातारे बसले होते. एकानं तंबाखू मळायला घेतली. एक चपलेचा अंगठा पाहू लागला. कोणी बोललं नाही, आणि त्या न बोलण्यावरूनच भगवंतरावाला आठवलं. सुंदराबाईला ते त्याच्या डोळ्यांत येताना दिसलं.

"मीच सांगते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "या जागी, बैल उधळले म्हनून, माह्या मानसाले नाक घासाले लावलं तुमी. या टोकापासून त्या टोकालोक. बावीस साल त्यानं तुमचं शेन काहाडलं. बारा पावलं जागा हाय. तुमी म्हातारे मानूस, तुमाले बारा नाई म्हनत. एक जागी टेका. मंग जोडी जाईन."

किशोर शिवी देत धावला आणि त्यानं कासऱ्याला हात घातला. हरण्यानं मान खाली घालून एकच झटका दिला. किशोर चिखलात पाठीवर पडला. बैलानं शिंग लावलं नाही, नुसता फुसकारत उभा राहिला. गर्दीतलं कोणी किशोरला उचलायला पुढं गेलं नाही, कारण मध्ये बैल होते.

"भाऊ, दिवस बुडून राह्यला," मागून श्यामराव म्हणाला. तो आपल्या जोडीजवळ उभा होता आणि त्याचा हातही कासऱ्यावर होता. "तोरन तुटाले पाह्यजे. ही जोडी जात नसन तं माही नेतो. सांगा तसं."

सूर्य विहाराच्या कळसाखाली उतरला होता. भगवंतरावानं श्यामरावाकडं पाहिलं, मग तोरणाकडं. सुंदराबाईला ठाऊक होतं की तो तिच्यासाठी वाकणार नाही. देवमनसाठी तर नाहीच. पण श्यामरावाला मान जाऊ द्यायचा नाही म्हणून तो काय वाटेल ते करील, आणि तिनं आठ दिवस याच एका गोष्टीवर भरवसा ठेवला होता.

"बाबा, नाई!" किशोर उठत ओरडला.

भगवंतरावानं फेटा काढून बाजूच्या माणसाच्या हातात दिला. काठीच्या आधारानं एक गुडघा टेकला, मग दुसरा. मग हात जमिनीला लावले. पोट आडवं आलं. दोनदा तोंड वरच राहिलं. तिसऱ्यांदा नाक मातीला लागलं. तिथं बैलांच्या पायांवर घातलेलं पाणी सांडून चिखल झाला होता.

"घासा," सुंदराबाई म्हणाली.

त्यानं मान एकदा उजवीकडं केली, एकदा डावीकडं.

दोघा जणांनी भगवंतरावाला काखेत धरून उठवलं. नाकावर काळी माती होती. पुसावी असं त्याच्या ध्यानातच आलं नाही.

तिनं मनगटाचे वेढे सोडले. "आता द्या आरोळी," ती झडतीवाल्याला म्हणाली.

तो गोंधळला. "भगवंतराव पा—"

"देवमनची जोडी!" नीलम ओरडली. तिचा आवाज फाटला. आणि रांगेच्या शेवटाला, खालच्या वस्तीची माणसं उभी होती तिथून कोणीतरी ते उचललं. मग पुष्कळांनी उचललं. सुंदराबाईनं तोंडानं चक्‌चक्‌ केलं. हरण्या आणि चांद माना उंच करून चालते झाले, आंब्याची पानं त्यांच्या शिंगांत अडकली, ताणली आणि तोरण तुटलं.

"माह्यी जोडी हाय म्हनलं होतं ना तू!" भगवंतराव मागून म्हणाला. आवाज घोगरा होता. "माह्या नावानं जाईन म्हनलं होतं!"

"तुमी म्हनलं होतं," ती न वळता म्हणाली. "मी कासऱ्याचं म्हनलं होतं."

पोळा फुटला की बैल घरोघर नेतात. बायका पाय धुतात, ओवाळतात, पोळी चारतात. सुंदराबाईनं आपली जोडी वरच्या आळीतून नेली. प्रत्येक दारासमोर ती थांबली. निम्मी दारं तिला पाहून लागली. एका घरची सून ताट घेऊन उंबऱ्यापर्यंत आली होती, तिला सासऱ्यानं आत बोलावलं. काही दारं उघडी राहिली, तिथल्या बायकांनी तिच्या तोंडाकडं न पाहता बैलांचे पाय धुतले. उद्यापासून डवरा सांगायला कोण येईल आणि कोण नाही, हे तिला दारांवरून कळत गेलं. किशोर उगा बसणार नाही हेही तिला कळत होतं. तिनं एकही दार सोडलं नाही.

घरी पोचली तेव्हा देवमन आंगणात उभा होता. बातमी तिच्या आधी आली होती. शेजारच्या पोट्ट्यानं त्याला मोबाइलात दाखवलं होतं.

त्यानं बैल बांधले. झुली काढल्या, घड्या केल्या.

"नऊ सालं लागली मले इसराले," तो म्हणाला. "लोक बी इसरले होते. लहान पोट्ट्याइले तं मालूमच नोतं. आता साऱ्याइले मालूम झालं, देवमननं नाक घासलं होतं म्हनून. तू सांगतलं. भर पोळ्यात."

एवढा विचार सुंदराबाईनं केला होता, आणि हा केला नव्हता. ती पायरीवर बसली. दिवसभर ताठ राहिलेली पाठ आता दुखायला लागली होती.

"मी नाई इसरली," ती म्हणाली. "एक दिवस बी नाई."

नीलमनं बैलांना ओवाळलं आणि पोळ्या चारल्या. मग बापाचं ताट वाढलं. पुरणपोळी, आमटी, भजी. देवमन ताटावर बसला. पहिला घास हातातच राहिला.

"खरंच टेकलं का त्यानं?" त्यानं विचारलं. "का नुसतं वाकल्यासारखं केलं? मोबाइलात नीट दिसत नाई."

"टेकलं."

"माती लागली?"

"लागली. वली माती. पुसली बी नाई त्यानं."

देवमननं घास तोंडात घातला आणि सावकाश चावला. ती त्याच्याकडं पाहत होती. त्यानं पोळी संपवली, बोटं चाटली, आणि ताट तिच्याकडं सरकवलं.

"अजून एक दे," तो म्हणाला. "तूप जास्त घाल."